कमी वाऱ्यातल्या बिराजदार बाई

सोलापुरात वारं असतंय कुठं, असं कुणी म्हटलं की बिराजदार बाई वाद घालत नसत. पिशवीतून मोबाइलएवढं एक यंत्र काढत. त्याच्या डोक्यावर इवलासा पंखा होता. ते समोरच्याच्या हातात देऊन म्हणत, “धरा. पाच मिनिटं हात वर करून उभं राहायचं.”

पाच मिनिटं हात वर करून उभं राहायची तयारी सहसा कुणाची नसे. लोक यंत्र परत देत आणि विषय बदलत. मी मात्र एकदा उभी राहिले होते, आमच्या घराच्या गच्चीवर, नोव्हेंबरातल्या एका दुपारी. वाऱ्याच्या वेगाचा आकडा अकरावर गेला, मग चौदावर, मग नऊवर आला. बाईंनी तो वहीत टिपला आणि म्हणाल्या, “बघा, कुलकर्णीबाई. आहे की नाही? लोकांना वादळ आलं तरच वारं आलं असं वाटतं.”

मी मुलींच्या एका शाळेत ग्रंथपाल होते आणि महानंदा बिराजदार खेळाच्या शिक्षिका. एकतीस वर्षं त्यांनी तिथं काढली. उंचीला पाच फूट एक इंच, अंगानं भरलेल्या, चालणं असं की कॉरिडॉरमध्ये समोरून येणारा आपोआप भिंतीकडे सरकायचा. शिक्षकांच्या खोलीत त्या कधी खुर्चीवर बसल्याचं मला आठवत नाही. खिडकीच्या कट्ट्यावर बसून डबा खायच्या: ज्वारीची कडक भाकरी, शेंगाचटणी, वर एक कच्चा कांदा. मुलींना त्या आडनावानं हाक मारायच्या आणि कधी शाबासकी द्यायच्या नाहीत. एखादीनं उंच उडीत स्वतःचाच विक्रम मोडला तरी बाई तेवढंच म्हणायच्या, “पुन्हा.” ती मुलगी रडकुंडीला यायची, पण पुन्हा उडी मारायची.

माहेर-सासर दोन्ही मंद्रूपकडचं, कर्नाटकच्या सीमेजवळचं. घरात कन्नड, दारात मराठी. लहानपणी त्यांच्या कानावर सगळ्यात जास्त वेळा पडलेला शब्द म्हणजे ‘आगंगिल्ल’, म्हणजे जमायचं नाही. पोरीनं विहिरीत पोहायला आगंगिल्ल, सायकलवरून हायस्कूलला जायला आगंगिल्ल. त्यावर त्या लहानपणापासून एकच प्रश्न विचारत आल्या होत्या आणि साठीलाही तोच विचारायच्या: “याक आगंगिल्ल?” का नाही जमणार? यात उर्मटपणा नसायचा. त्यांना खरंच कारण हवं असायचं. कारण पटलं तर गप्प बसायच्या. पटण्यासारखं कारण मात्र फारच थोड्यांकडे असायचं.

शाळेत पोहण्याचा संघ काढायचं ठरलं तेव्हाची गोष्ट. मुख्याध्यापिकांनी परवानगी दिली, तलावाची वेळ मिळाली, आणि पालकांच्या सभेत एकेक वडील उठून नाही म्हणू लागले. मुली मोठ्या झाल्यात, तलावावर कोण कोण असतं, सर्दी होते, केस खराब होतात. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाल्या, ठीक आहे, मुलींना नंतर बघू, आधी आयांना शिकवते. सभेत हशा पिकला. पुढच्या रविवारी चार आया आल्या. पंजाबी ड्रेस घालून, एकमेकींचे हात घट्ट धरून त्या पायऱ्यांवर उभ्या होत्या. महिन्याभरात त्यातल्या तिघी तलावाची रुंदी पार करू लागल्या. त्यानंतर त्यांच्या मुलींना घरून कुणी अडवलं नाही. आई पोहून येते म्हटल्यावर अडवणार तरी कोण?

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात बाई गोव्याला नोकरी करणाऱ्या लेकीकडे महिनाभर राहून आल्या. येताना डोळ्यांत काहीतरी घेऊन आल्या हे मला दारातच कळलं. समुद्रावर एक माणूस त्यांनी पाहिला होता. फळीवर उभा, हातात हवा भरलेलं पंखासारखं शीड. वारा जेमतेम होता. आणि ती फळी पाण्याला टेकलेलीच नव्हती, हातभर वर, अगदी निःशब्द सरकत होती. बाई दोन तास वाळूत उभ्या राहिल्या आणि तो बाहेर आल्यावर त्याच्या फळीखाली वाकून बघून आल्या. फळीच्या पोटाला एक दांडा, दांड्याच्या टोकाला छोट्या विमानासारखा सांगाडा. पुढं मोठा पंख, मागं लहान. त्याला फॉइल म्हणतात. पाण्यातून वेग घेतला की ते पंख फळीला वर उचलतात, विमान हवेत उचललं जातं तसंच.

“विमान आहे हो ते,” बाई मला चहा ओतता ओतता सांगत होत्या. “फक्त पाण्यात उडतं. आणि आवाज करत नाही.”

तिथं त्यांनी आठ दिवस शिकवणी घेतली. शिकवणारा त्यांना ‘आंटी’ म्हणायचा आणि गुडघ्यावरच राहा म्हणायचा. आठव्या दिवशी त्या उभ्या राहिल्या, पण फळी काही उठली नाही. परत येऊन त्यांनी जाहीर केलं की हे आपण सोलापूरजवळच्या हिप्परग्याच्या तलावावर करायचं.

त्यांचे पती सिद्रामप्पा कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात फिटर होते. निवृत्त होऊन सोलापुरात आलेले, मितभाषी, शर्टाच्या खिशात कायम एक पाना असणारे. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “आगंगिल्ल. बिडु.” जमायचं नाही, सोड. बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला. सिद्रामप्पांनी कारण दिलं, आणि कारण खरं होतं. ते म्हणाले, हिप्परग्याला वारं असतंय तवा पाणी नसतंय, आणि पाणी असतंय तवा वारं नसतंय.

जूनमध्ये वारा सुटतो तेव्हा तलाव तळाशी गेलेला असतो. पाऊस होऊन तो भरतो तोवर वारा मंदावतो. हे सोलापुरात सगळ्यांना ठाऊक आहे. बाई त्यावर गप्प बसल्या. मला वाटलं, पहिल्यांदाच त्यांना पटणारं कारण मिळालं. पण दुसऱ्याच आठवड्यात ते पंख्याचं यंत्र आलं आणि वही सुरू झाली. वर्षभर त्या आठवड्यातून चार वेळा स्कूटरवरून तलावाच्या बांधावर जायच्या, वारा मोजायच्या, तारीख, वेळ, दिशा लिहायच्या. मी कधीकधी मागं बसून जायचे. वर्षअखेरीला वही भरली. पाणी असलेल्या महिन्यांतही बऱ्याच दिवशी, दुपारी साडेतीननंतर, तासाला बारा ते सोळा किलोमीटरचा वारा तलावावर होता. एकसारखा, न फडफडणारा.

सिद्रामप्पांनी ती वही दोन दिवस वाचली. परत देताना ते एवढंच म्हणाले की वारा आहे, पण कमी आहे. बाई म्हणाल्या, मग कमी वाऱ्याचं फॉइल घ्यायचं.

इथून सगळं सुरळीत झालं असतं तर मी हे लिहायला बसले नसते. बाईंनी एक चूक केली. आयुष्यात क्वचितच केलेली. त्यांनी स्वतःच्या वहीपेक्षा जाणकारांवर विश्वास ठेवला.

किनाऱ्यावरच्या एका शहरात हे सामान विकणारा एक तरुण होता. व्हिडिओ कॉलवर बोलणं झालं तेव्हा मी शेजारी होते. मुलगा सभ्य होता. त्यानं अदबीनं विचारलं, मॅडम, आपलं साधारण वजन? “शहात्तर,” बाई म्हणाल्या. “साधारण नाही, बरोबर शहात्तर.” मग त्यानं सांगितलं की सगळे जण मधल्या आकाराचा पुढचा पंख घेतात, सव्वा हजार चौरस सेंटिमीटरचा. वारा कमी असेल तर हातातलं शीड मोठं घ्यायचं, सात चौरस मीटरचं. बाईंनी वहीतले आकडे वाचून दाखवायला सुरुवात केली, पण तो हसून म्हणाला की आकड्यांचं एवढं मनावर घेऊ नका, पाण्यात उतरलं की जमतं. बाईंनी वही मिटली. त्यांनी वही मिटली याचं मला आजही वाईट वाटतं.

सप्टेंबरमध्ये सामान आलं. तलाव भरला होता. सिद्रामप्पांनी टेम्पोतून ते बांधाखाली उतरवलं, सगळे स्क्रू ग्रीस लावून बसवले आणि दगडावर जाऊन बसले. बाई पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा पोशाख, लाइफ जॅकेट आणि शिरस्त्राण घालून पाण्यात उतरल्या.

तीन महिने त्या पडत होत्या. सात मीटरच्या शिडाचं टोक पाच फूट एक इंचाच्या बाईला कसं झेपणार? ते पाण्याला लागायचं, शीड उलटायचं, बाई त्यावरून पलीकडे. कधी शीड सावरलं आणि फळीनं वेग घेतला, तर फॉइल उचलायला तयार नसायचं. फळी नुसती पाणी कापत जायची, बाई गुडघे वाकवून रेटत राहायच्या, आणि वारा एक श्वास घेई तेवढ्यात सगळं थांबायचं. बांधावर फिरायला येणारे लोक थांबू लागले. कुणीतरी मोबाइलवर चित्रीकरण केलं. पडण्याचे बारा प्रसंग जोडून, मागं विनोदी आवाज घालून, वर ‘सोलापूरची आजी समुद्र शोधताना’ असं लिहून ते फिरवलं. चार दिवसांत ते माझ्या पुण्याच्या भाचीकडूनही मला आलं.

त्याचा परिणाम हसण्यावर थांबला नाही. निवृत्तीनंतर बाई मुलींचा पोहण्याचा वर्ग चालवत होत्या. चौदा मुली होत्या. त्या आठवड्यात पाचच आल्या. एका वडलांनी फोन करून सांगितलं की स्वतःचं हसं करून घेणाऱ्या बाईकडे पोरगी पाठवायला बरं वाटत नाही. बाईंनी त्यांचं सगळं ऐकलं, “बरं” म्हणाल्या आणि पाच मुलींचा वर्ग पूर्ण वेळ घेतला. त्या दिवशी पोहण्याच्या तलावाच्या पायरीवर त्या पहिल्यांदा माझ्याशेजारी खाली बसल्या. मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेले. त्यांनी हातानं थांबवलं.

“हसले त्याचं काही नाही,” त्या म्हणाल्या. “पडणाऱ्याला हसायचंच. मला राग याचा येतो की मला माहीत होतं, आणि मी त्या पोराचं ऐकलं.”

मग मंद्रूपहून थोरल्या दिरांचा फोन आला. मी त्यांच्याच घरी होते. दीर भावाला सांगत होते की महानंदाला आवर, वय काय, घराण्याचं हसं चाललंय. सिद्रामप्पा थोरल्या भावासमोर उभ्या जन्मात उलट बोलले नव्हते. त्यांनी फोन कानावरून काढला, त्याच्याकडे क्षणभर पाहिलं आणि पुन्हा कानाला लावला.

“अण्णा, तिला पंख बारका पडतोय म्हणून ती पडतीया,” ते म्हणाले. “लाज वाटायसारखं तिनं काय केलंय, ते सांगा.”

पलीकडून काय उत्तर आलं ते कळलं नाही. फोन लवकर संपला. सिद्रामप्पा उठले, अंगणात गेले आणि फॉइल दांड्यापासून सोडवून बसले. बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. नवऱ्याच्या तोंडून ‘पंख बारका’ हे त्या पहिल्यांदा ऐकत होत्या. म्हणजे दगडावर बसून तीन महिने तो माणूस नुसता बसला नव्हता.

त्या रात्रीपासून नव्हे, दुसऱ्या सकाळपासून दोघं कामाला लागले. बाईंनी वही परत काढली. मला पक्षी दाखवायला त्या तलावावर घेऊन गेल्या. वर घार फिरत होती. वारा नावापुरता, तरी पंख न हलवता तरंगत होती. खाली पुलाजवळ पाकोळ्या सुसाट जात होत्या. बाई म्हणाल्या, पाकोळीचा पंख अरुंद, तिला वेग लागतो, थांबली की पडली. घारीचा रुंद, तिला थोडं वारं पुरतं. “त्या पोरानं मला पाकोळी दिली, कुलकर्णीबाई. मला घार पाहिजे.”

पुन्हा त्या तरुणाला कॉल लागला. या वेळी बाईंनी वही उघडीच ठेवली आणि त्याला बोलू देण्याआधी सगळं सांगितलं. वजन शहात्तर, वारा बारा ते सोळा, पाणी सपाट. पुढचा पंख एकवीसशेचा हवा. फार लांब-अरुंद नको, कारण तो हळू वेगात दगा देतो. दांडा आखूड, पाऊण मीटरचाच, कारण काठाकडे पाणी उथळ आहे. पंखाची पुढची कड मागं झुकलेली हवी, कारण तलावात शेवाळ आहे आणि ते अडकता कामा नये. शीड पाच मीटरचं, कारण माझे हात तेवढेच आहेत.

त्यानं आकडे लिहून घेतले. मग म्हणाला, मॅडम, एवढ्या मोठ्या फॉइलचा वेग कमी असतो. वळायला जड जातं. दोन महिन्यांत कंटाळाल. आमच्याकडे ते कुणी नेत नाही.

“मला आधी उठायचंय,” बाई म्हणाल्या. “वळायचं नंतर बघू की.”

त्यानं आणखी एकदा समजावलं. बाईंनी आणखी एकदा तेच वाक्य म्हटलं, आवाज न चढवता. शेवटी त्यानं जुनं परत घेऊन मोठं पाठवायचं कबूल केलं, पण न जमल्यास माझ्यावर येऊ नका असं बजावलं. बाई म्हणाल्या, तुमच्यावर याआधीही आले नव्हते.

फेब्रुवारीच्या शेवटी आम्ही तिघं पुन्हा बांधाखाली होतो. नवा पंख खरंच मोठा होता. सिद्रामप्पांनी त्यात आपली भर घातली होती. मागच्या लहान पंखाखाली त्यांनी पत्र्याची एक पातळ पट्टी कापून, कानशीनं घासून, पॅकिंग म्हणून बसवली होती. त्यानं पुढच्या पंखाचं तोंड किंचित वर होतं, असं ते म्हणाले. रेल्वेच्या डब्याखाली आयुष्यभर हेच केलंय, हेही म्हणाले. माझ्या माहितीतलं ते त्यांचं सगळ्यात लांब भाषण.

यंत्रावर तेराचा आकडा होता. बाई फळी ढकलत कमरेइतक्या पाण्यात गेल्या, गुडघ्यावर चढल्या, शीड उचललं, उभ्या राहिल्या. बांधावर आठ-दहा लोक होते. दोघांनी मोबाइल काढले. पहिल्यांदा बाई पडल्या. कुणीतरी हसलं. दुसऱ्यांदा पडल्या. तिसऱ्यांदा त्यांनी शीड डोक्यावर धरलं, हातानं दोनदा हवा ओढली, पायांनी फळी दाबली, सोडली, दाबली. फळीखाली पाण्याची कुरकुर चालू होती. ती थांबली.

आवाज थांबल्यावरच मी नीट पाहिलं. फळी पाण्यावर नव्हती. वीतभर वर, मग हातभर वर. बाई गुडघे वाकवून, ओठ घट्ट मिटून, सरळ पलीकडच्या काठाकडे चालल्या होत्या. मी मोजायला सुरुवात केली, आणि त्रेपन्नावर त्या खाली बसल्या. पडल्या नाहीत, फळी हलकेच टेकली. सिद्रामप्पांनी खिशातला पाना काढला, पुसला, परत ठेवला.

वळता येत नव्हतं हे खरं. परत यायला त्यांना फळीवर पालथं पडून हातानं वल्हवत यावं लागलं, अर्धा तास. मला वाटलं, आता बसतील. त्या फळीचं तोंड फिरवून पुन्हा पाण्यात गेल्या.

हे चित्रीकरणही कुणीतरी टाकलं. ते फारसं फिरलं नाही. न पडणारी आजी लोकांना तेवढी नको असते. नऊपैकी दोनच मुली वर्गाला परतल्या. ज्या वडलांनी फोन केला होता त्यांची मुलगी आली नाही. तिची आई मात्र आली, स्वतः शिकायला. बाईंनी तिला विचारलं, घरी सांगून आलात का? ती म्हणाली, नाही. बाईंनी तिचं नाव लिहून घेतलं. त्या वर्षी बाई वळायलाही शिकल्या, मोठ्या, दमदार वळणानं, टेम्पो वळतो तसं. तो विक्रेता तरुण पुढं एकदा स्वतःहून फोन करून विचारू लागला की नगरकडचं एक गिऱ्हाईक आहे, तिकडंही वारा कमी आहे, कुठला आकार सांगू? बाईंनी आधी त्या गिऱ्हाइकाचं वजन विचारलं, मग विचारलं, वारा मोजलाय का. मोजला नव्हता. बाई म्हणाल्या, मग आधी मोजू दे.

गेल्या ऑक्टोबरमध्ये मी सोलापूर सोडलं. मुलाकडे, छत्रपती संभाजीनगरला राहायला आले. निघायच्या आदल्या दिवशी बाई घरी येऊन गेल्या. निरोपाचं त्यांना काही जमत नाही. माझं सामान बांधलेलं पाहून त्यांनी दोन खोक्यांच्या दोऱ्या सोडून नीट आवळल्या आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारची बस होती. तुळजापूर रस्त्याला लागल्यावर डाव्या-उजव्या खिडक्यांतून हिप्परग्याचा तलाव दिसू लागतो. मी खिडकीशी होते. तलाव काठोकाठ भरलेला आणि पाणी काचेसारखं. वारा पूर्ण पडला होता. पाण्याच्या ऐन मध्यभागी एक फळी होती आणि तिच्यावर बाई बसल्या होत्या, पाय पाण्यात सोडून, शीड शेजारी पालथं तरंगत. काठ दोन्हीकडून सारखाच लांब होता.

समोर कुठलंसं वाहन बंद पडलं होतं, म्हणून बस बराच वेळ थांबून राहिली. एक मासेमार आपली होडी वल्हवत बाईंजवळ गेला. त्यानं दोरी पुढं केलेली मला दिसली. बाई त्याच्याशी काही बोलल्या, बहुतेक त्याची विचारपूस केली असावी, कारण तो थोडा वेळ थांबला. मग बाईंनी मान हलवली. नाही. त्यानं पुन्हा दोरी दाखवली. बाईंनी पुन्हा मान हलवली. तो निघून गेला.

बाईंनी शीड ओढून फळीवर घेतलं, त्यावर पालथ्या झोपल्या आणि दोन्ही हातांनी पाणी मागं सारू लागल्या. डावा, उजवा, डावा, उजवा, घाई न करता. माझ्या शेजारच्या बाईनं विचारलं की ते काय आहे, कुणी बुडतंय का. मी म्हटलं, नाही, घरी निघाल्यात.

बस सुटली. वळणाआड तलाव दिसेनासा होईपर्यंत मी मान वळवून बघत होते. तोवर होडी त्यांच्यापुढं निघून काठाला लागली होती, आणि बाईंनी निम्मं अंतर कापलं होतं.